चार केळींची तोड आणि नदीपलीकडचा मुनवा

अर्जदार: माजी सैनिक नामदेव काळबांडे, हल्ली धंदा जिंतूर कचेरीसमोर अर्जनविशी. गैरअर्जदार: शेजारी शेषराव. घटनेचा दिवस: गेल्या श्रावणातील शेवटचा सोमवार, सकाळ. साक्षीदार: माझी पत्नी कौसाबाई व पंचायतीचा शिपाई रुस्तुम. तक्रार: सत्यनारायणाच्या पूजेसाठी गैरअर्जदाराने माझ्या परसातील चार केळी न विचारता तोडल्या.

जाब विचारला असता शेषराव म्हणाला, "देवाच्या कामाला तोडल्या, काका. केळ आपोआप फुटती. तुमी उगं कागद काळे करायलात."

गावाचेही मत असेच असल्याचे कानी आले. सबब वस्तुस्थिती सेवाकाळापासून नमूद करतो.

आमची पलटण तेव्हा आसामात होती. पहाटे स्टँड-टू म्हणजे हत्यारे घेऊन मोर्चात सज्ज राहणे, दिवसा पेट्रोल म्हणजे गस्त, संध्याकाळी गिनती. सेक्शनमध्ये परभणीचे दोघेच: मी आणि येलदरीकडचा लान्स नायक मारुती गव्हाणे. तिथे घरोघरी मागे केळीची बाग असे. मी कापूस-ज्वारीचा माणूस. केळी मला सेलूच्या बाजारात टांगलेल्या घडापुरतीच ठाऊक होती.

एका दुपारी पेट्रोलवर फायर आला. मारुतीला पोटात गोळी लागली. अँब्युलन्स नदीपलीकडे होती, नदीला पूर होता. सुभेदारसाहेबांनी रेडिओ सेट घेतला.

"कॅज्युअल्टी एक. बोट भेजो. ओव्हर."

"बोट शाम से पहले नहीं. ओव्हर."

काठावर एका म्हातारीचे घर होते. तिने आतून कोयता आणला, साहेबांच्या हाती दिला आणि आपल्या केळींकडे बोट केले. त्या मुलखात केळीचे खांब बांबूने जोडून तराफा करतात. आम्ही तिची सगळी बाग तोडली. मारुतीला तराफ्यावर निजवले. आम्ही चौघे पाण्यात उतरून कडा धरून पोहत निघालो. मध्यावर तो बोलला.

"नामदेवा, सत्यनारायणाला चारच खांब लागत्यात. माझ्यापायी लय तोडल्या की रे."

"गप पड. बोलू नगंस."

"म्हातारीच्या परत लावून द्या."

पैलतीरी डॉक्टरसाहेबांनी नाडी पाहिली आणि ब्लँकेट तोंडावर ओढले.

मारुतीचे शब्द मी सुभेदारसाहेबांना रिपोर्ट केले. ते म्हणाले, "मंजूर. पूरा सेक्शन जाएगा."

पूर ओसरल्यावर आम्ही गेलो. बुंध्यांभोवती नवे फुटवे, म्हणजे मुनवे, वर आले होते. म्हातारीने शिकवले: रुंद पानांचा मुनवा टाकायचा, तलवारीसारख्या पानाचा घ्यायचा, शेंडा छाटायचा, कंद मातीत पूर्ण दाबायचा. आम्ही बाग लावून दिली. निघताना तिने एक मुनवा माझ्याकडे दिला.

सुट्टीवर आलो तेव्हा नामांतराच्या बंदमुळे एसटी उभ्या होत्या. सेलू स्टेशनपासून चारठाण्याच्या रस्त्याने गावापर्यंत चालत आलो. किटबॅगमध्ये तो कंद ओल्या पोत्यात गुंडाळलेला होता. पत्नी म्हणाली, "लोकं सुट्टीवर येताना रेडू आणत्यात. तुमी चिखुल आणलाव."

तो न्हाणीच्या पाण्यावर लावला. पुढे केरळात, मद्रासकडे, जिथे पोस्टिंग झाले तिथून मी एकेक जात आणली. माझ्या परसात आज लाल केळही आहे. ज्यास गाव माझा नाद म्हणते, त्याची सुरुवात ही अशी आहे. शेषरावाने तोडलेल्या चारही केळी त्या पहिल्या मुनव्याच्या वंशातील होत्या.

केळ आपोआप फुटते, हे गैरअर्जदाराचे म्हणणे मला मान्य आहे. म्हातारीच्याही फुटल्याच होत्या. ते सुभेदारसाहेबांनाही ठाऊक होते. तरी पूरा सेक्शन गेला.

सबब पंचायतीस विनंती की, गैरअर्जदारास दंड करू नये. त्याने माझ्या परसात चार मुनवे दस्तुरखुद्द लावावेत. मुनवे मी देईन, कसे लावायचे तेही मी दाखवीन. लावतेवेळी लान्स नायक मारुती गव्हाणे हे नाव त्याने एकदा मोठ्याने घ्यावे. याबाबत पंचायतीचे उत्तर लेखी मिळावे.