रजिस्टरमधलं सुईचं टोक

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — आणि त्याला तर मी साडीची खरी किंमतसुद्धा सांगते!

सिंगापूरमध्ये, आंग मो किओ भागातल्या एका इंडस्ट्रियल इमारतीत आमचं तान्ह्या बाळांच्या कपड्यांचं छोटं युनिट होतं. शिलाईवर देखरेख माझी. आमच्या धंद्याची बोली मोठी सोयीची. डागाळलेला कपडा ‘सेकंड’, न खपणारा ‘डेड’ आणि बाळाचं अंगडं — नुसता ‘पीस’. पीस म्हटलं की आतलं बाळ दिसत नाही. की मलाच बघायचं नव्हतं?

एक नियम मात्र कडक. मशीनची सुई तुटली, तर सगळे तुकडे शोधून रजिस्टरमध्ये चिकटवायचे. एक जरी मिळाला नाही, तर अख्खा लॉट अडवून धातू शोधणाऱ्या यंत्राखाली तपासायचा.

त्या दुपारी मेई आंटीची सुई तुटली. आंटी रोज सीमेपलीकडून, मलेशियातल्या जोहोरहून यायची. माझ्या आईच्या वयाची. आम्ही दोघी फरशीवर बसून लोहचुंबक फिरवत राहिलो. टोक काही सापडेना.

“डोन्ट सेंड, लाह,” ती तिच्या तिकडच्या इंग्रजीत हळूच म्हणाली.

पण माल संध्याकाळी जायचा होता, आणि बोलणी मी खाणार होते. मग मी कोरी सुई घेतली, पकडीने तिचं टोक मोडलं आणि रजिस्टरमध्ये चिकटवलं. खाली सही केली. आंटी बघत होती.

त्यानंतर फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे, मगच उचलायचे. पंधरा दिवस काहीच नाही. मी हसायलाही लागले होते. मग एक बाई आली, कडेवर मुलगी, हातात कागदाची पुडी. पुडीत टोक. मुलीच्या कानामागून मानेपर्यंत ओरखडा. डोळा किती जवळ होता, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

बॉसने रजिस्टर उघडलं. माझं पान चोख! म्हणजे तो पीस शिवणाऱ्या आंटीनेच आणखी एक सुई मोडून लपवली, असं त्याने ठरवलं. मला विचारलं. मी गप्प बसले असते तरी एक वेळ — पण नाही, मी ‘हो’ म्हणाले. आंटीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या सहीपुढे तिचं कोण ऐकणार होतं?

कामावरून काढल्याचं पत्र बॉसने मलाच लिहायला सांगितलं. कारणाच्या जागी मी ‘निष्काळजीपणा’ लिहिलं. आंटीने ते सावकाश वाचलं, माझंच पेन मागून घेतलं आणि सही केली.