पाचव्या पर्वाची तिसरी डिस्क

आमच्या भावोजींना कामावरचे लोक 'संपूर्ण' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि भावोजी 'ओ' देतात. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. शहरातल्या एकशे चौदा लिफ्ट त्यांच्या देखरेखीखाली आहेत आणि त्यातल्या प्रत्येकीचा स्वभाव त्यांना ठाऊक आहे. कुठली थंडीत कुरकुरते, कुठली पाचव्या मजल्यावर विचार करत थांबते, कुठलीला दार आपटलेलं खपत नाही, हे ते घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलतात. घरच्या माणसांबद्दल मात्र ते फारसं बोलत नाहीत. तो भाग माझ्या आईने सांभाळला आहे.

'संपूर्ण' हे नाव पडलं ते मालिकांमुळे. भावोजी टीव्हीवरच्या मालिका डीव्हीडीवर जमवतात, पण पूर्ण. पहिल्या पर्वाच्या पहिल्या भागापासून शेवटच्या पर्वाच्या शेवटच्या भागापर्यंत. सात पर्वांपैकी सहा असली, तर त्यांच्या लेखी ती मालिका नाहीच. "नऊ मजल्यांच्या इमारतीत सात मजल्यांपर्यंत जाणारी लिफ्ट बसवली, तर तिला लिफ्ट म्हणाल का?" असं ते विचारतात. आपण "हो, अर्धवट लिफ्ट" म्हणालो, तर पुढचा अर्धा तास आपला नसतो.

बैठकीची लांब भिंत जमिनीपासून छतापर्यंत फळ्यांनी भरली आहे. फळ्या भावोजींनी स्वतः बसवल्या आहेत आणि त्यांवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नाही. पाहुण्यांना हे गोटी ठेवून दाखवलं जातं. परवापरवापर्यंत त्या भिंतीवर एकसष्ट मालिका होत्या, सगळ्या पूर्ण. हॉस्पिटलच्या, पोलिसांच्या, वकिलांच्या, एका बेटावरच्या शाळेची एक. मधमाश्या पाळणाऱ्या दोन भावांची एक मालिका तर अशी आहे, की ती बनवणाऱ्यांनीही शेवटपर्यंत पाहिली नसावी. भावोजींकडे तिची तिन्ही पर्वं आहेत. ज्यांची पर्वं जमायची आहेत त्या मालिकांना भिंतीवर जागा नाही. त्या फ्रिजवर बसतात. फ्रिजच्या माथ्याला आमची भाची 'प्रतीक्षालय' म्हणते.

लिफ्टच्या यंत्रखोलीत एक तपासणीचं कार्ड लटकवलेलं असतं. तारीख, तपासणाऱ्याची सही, शेरा. कंपनीने कार्डांचा नमुना बदलला तेव्हा जुनी उरलेली कार्डं भावोजींनी मागून आणली. आता भिंतीवरच्या प्रत्येक मालिकेच्या पहिल्या डबीत असं एक कार्ड आहे. मालिका पूर्ण झाली, सगळ्या डिस्क तपासून झाल्या, की तारीख, सही आणि शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक'. मधमाश्यांनासुद्धा 'ठीक'.

आता आईची तक्रार सांगतो, कारण सगळं त्यावरूनच सुरू झालं. सव्वीस वर्षांपूर्वी दर गुरुवारी संध्याकाळी अग्निशमन केंद्रावरची एक मालिका लागायची. घरात आम्ही तिला 'बंबवाली' म्हणत असू. आईचा तिच्यावर इतका जीव, की गुरुवारी संध्याकाळी आम्ही भावंडं पडायचं झालं तरी मालिका संपल्यावर पडायचो. पाचव्या पर्वात केंद्राच्या स्वतःच्याच कोठाराला आग लागते. बंब ठेवायची जागाच जळते. ती कुणी लावली, हा प्रश्न टाकून आठवा भाग संपला, आणि नेमकं त्याच आठवड्यात ताईचं लग्न ठरलं. पुढचे चार गुरुवार गेले सभागृह बघण्यात, शिंप्याकडे, पत्रिका वाटण्यात आणि चौथा साक्षात लग्नात. तेराव्या भागाला आई टीव्हीसमोर बसली तेव्हा कोठार नवं कोरं उभं होतं, आगीचं कुणी नाव काढत नव्हतं आणि केंद्रातला एक बारीक मिशांचा कारकून तेवढा दिसेनासा झाला होता.

"त्यानेच लावली," आई तेव्हापासून म्हणते. "पण खात्री कशी करणार? जावईबापूंना घाई होती ना."

हे वाक्य भावोजींनी सव्वीस वर्षं ऐकलं. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई ताईकडे राहायला आली, तेव्हापासून दर गुरुवारी ऐकलं. ते कधी उलटून बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "आई, बंबवाली मी तुम्हाला पूर्ण दाखवणार." आई म्हणाली, "बघू. तुमच्या त्या ताटल्यांत माझा कारकून सापडतोय का ते."

बंबवालीची नऊ पर्वं जमवायला भावोजींना अकरा वर्षं लागली. पाचवं पर्व त्यातल्या त्यात लवकर मिळालं होतं, नऊ वर्षांपूर्वी, बाजारातल्या एका दुकानात. ते दुकान आता मोबाइलची कव्हरं विकतं. आणि इथे भावोजींचा आणखी एक नियम मध्ये येतो. मालिका पूर्ण होईपर्यंत कुठल्याही पर्वाचं प्लास्टिक फोडायचं नाही. शेवटच्या मजल्याचं दार बसल्याशिवाय लिफ्ट चालू करायची नाही, तसं. त्यामुळे पाचवं पर्व, ज्यात आईचे ते चार भाग होते, ते नऊ वर्षं फ्रिजवर गुंडाळलेलं होतं आणि गेली तीन वर्षं आई त्याखालून दूध काढायला जात-येत होती.

"निदान ते एक तरी फोडा," ताई म्हणायची.

"नववं येऊ दे."

नववं आलं. एका रविवारी सकाळी आम्हा सगळ्यांना बोलावलं. भावोजींनी धुतलेला शर्ट घातला होता. आई समोरच्या खुर्चीत चष्मा पुसून बसली होती. पहिलं पर्व फोडलं, डिस्क मोजल्या, ठीक. दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याचं प्लास्टिक त्यांनी जरा जास्तच हळू काढलं. डबी उघडली आणि बोटाने मोजू लागले. एक. दोन. मग त्यांचं बोट थांबलं.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"दोन," भावोजी म्हणाले.

"मग पुढे मोजा."

"पुढेही दोनच आहे."

डबीत सहा डिस्क होत्या. एक, दोन, दोन, चार, पाच, सहा. दुसऱ्या डिस्कच्या दोन प्रती आणि तिसरी गायब. नववा, दहावा, अकरावा आणि बारावा भाग. मी डबी उलटी करून झटकली, त्यावर भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ती सुलटी करून दिली.

"नऊ वर्षांपूर्वी उघडली असती तर दुकानदाराने बदलून दिली असती," भाची म्हणाली. हे सगळ्यांच्या मनात होतं, पण बोलायचं वय तिचंच होतं. दुकान गेलं होतं आणि डिस्क काढणारी कंपनीही गेली होती. भाचीने फोनवर शोधलं. पहिली दोन पर्वं मिळाली, पुढे 'हा कार्यक्रम सध्या उपलब्ध नाही'. एरवी अशा वेळी भावोजी गालातल्या गालात हसतात. त्या दिवशी हसले नाहीत.

आईने चष्मा घडी करून त्याच्या डबीत ठेवला. "लग्नात एकदा चुकवलंत," ती म्हणाली, "आता परत." आणि काठी घेऊन आत गेली. हे भावोजींना लागलं.

पुढचे दोन महिने त्यांनी जुन्या मालाची सगळी दुकानं पालथी घातली. पाचवं पर्व कुठेच नव्हतं. मग एके दिवशी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला.

"डबीत डिस्क कोण भरतं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?" ताई म्हणाली.

"माणूस भरतो. समोर सहा चळती असतात, प्रत्येकीतून एक उचलायची. दोनच्या चळतीवरची एक डिस्क माझ्या डबीत तीनच्या जागी गेली. म्हणजे त्याच्या हाताखाली दोनची चळत एकने कमी आणि तीनची एकने जास्त. शेवटी हिशेब जुळवायला त्याने काय केलं असेल?"

ताई शाळेत गणित शिकवते. तिला नवऱ्याचं म्हणणं सहसा पटत नाही आणि गणित चुकीचं म्हणवत नाही. तिने थोडा वेळ दोन्हींचा विचार केला. "कुणाच्या तरी डबीत तिसऱ्याच्या दोन गेल्या असतील," ती नाइलाजाने म्हणाली.

"आणि दुसरी नसेल. त्याच खोक्यातून आलेली डबी. म्हणजे त्याच दुकानात, याच शहरात."

"असेलच असं नाही हं."

पण भावोजी तोवर हात धुवायला उठले होते.

इथे सांगायला हवं, की भावोजींचा जगात एकाच गोष्टीवर राग आहे, लिफ्टमध्ये कागद चिकटवणाऱ्यांवर. गोंदाने पत्रा खराब होतो. एकशे चौदा लिफ्टमध्ये 'येथे कागद चिकटवू नये' अशी पाटी आहे, ती त्यांनीच लावलेली. महिन्याभरात त्या प्रत्येक पाटीच्या बरोबर खाली एक कागद दिसू लागला:

'अग्निशमन केंद्रावरील मालिका, पर्व पाचवे. आपल्या डबीत तिसरी डिस्क दोनदा असून दुसरी नसल्यास कृपया संपर्क साधावा. माझ्याकडे दुसरी दोनदा आहे.' आणि खाली फोन नंबर.

साहेबांनी लिफ्टमध्येच बोलावून घेतलं. "संपूर्ण, ही पाटी कुणाची?"

"माझी, साहेब."

"आणि हा कागद?"

"तोही माझाच. पण गोंद नाही वापरला. पाटीच्याच खालच्या कडेला चिमटा आहे, पत्र्याला धक्का नाही."

साहेबांनी वाकून चिमटा पाहिला आणि पंधरा दिवस दिले.

लिफ्टमध्ये माणसाला बघायला दुसरं काही नसतं. त्यामुळे तो कागद सगळ्या शहराने वाचला. थट्टेचे फोन आले. एकाने सांगितलं, माझ्याकडे बायको दोनदा आहे. आई रोज विचारायची, "आला का कुणाचा?" आणि विचारलंच नाही असा चेहरा करायची. तेराव्या दिवशी फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो.

"दातांच्या डॉक्टरकडे निघालो होतो," पलीकडचा आवाज म्हणाला. "चौथ्या मजल्यावर उतरायचं विसरलो. तीनदा वरखाली केलं. आपल्याकडे खरंच दुसरी जास्तीची आहे?"

"आहे. आपल्याकडे तिसरी?"

"नऊ वर्षं झाली. दुसरीच्या जागेवर मी चिठ्ठी ठेवली आहे, 'शोध चालू'."

भावोजी खाली बसले. आपल्यासारखा दुसरा माणूस जगात आहे, हे कळल्यावर माणसाचं काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्या गृहस्थांचं चष्म्यांचं दुकान. रविवारी ते आले, ते डिस्क चष्म्याच्या मऊ फडक्यात गुंडाळून. भावोजींनी आपली डिस्क पुढे केली. चष्मेवाल्यांनी खिशातून भिंग काढून ती खिडकीशी धरून तपासली. भावोजींनी त्यांची टॉर्चखाली तपासली. मग दोघे भिंतीसमोर उभे राहिले. चष्मेवाले एकेक डबी वाचत पुढे सरकले. मधमाश्यांपाशी आल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं.

"तिन्ही पर्वं?"

"तिन्ही."

"माझ्याकडे दोनच आहेत," ते म्हणाले, आणि भावोजींच्या खांद्यांची रुंदी डोळ्यांदेखत वाढली. गोटी ठेवून दाखवायचीही गरज पडली नाही.

आता आधी कुठली डिस्क लावायची, हा प्रश्न. दुसरी आधी, हा क्रम. शिवाय पाहुण्यांनी नऊ वर्षं वाट पाहिलेली. आई खुर्चीतून म्हणाली, "ते नऊ थांबलेत, मी सव्वीस." तिसरी लागली. "आणि यांनी हे भाग बघितलेत ना? यांना सांगा, तोंड उघडायचं नाही." चष्मेवाले चारही भाग ओठ घट्ट मिटून बसले. चहासुद्धा त्यांनी भाग संपल्यावरच घेतला.

नववा भाग झाला, दहावा झाला. कारकून प्रत्येक दृश्यात चोरासारखा वागत होता आणि आई प्रत्येक वेळी "बघा" म्हणत होती. बाराव्या भागात कळलं. आग कुणी लावलीच नव्हती. कोठारातला हीटर चालू राहिला होता. कारकुनाला बढती मिळाली, त्याला केंद्राने पेन भेट दिलं आणि तो दुसऱ्या गावी गेला.

सव्वीस वर्षं आईने एका निरपराध माणसाला धारेवर धरलं होतं. खरं म्हणजे दोन.

भावोजी उठले, डिस्क बाहेर काढली, स्वच्छच होती तरी पुसली आणि पाचव्या पर्वाच्या तिसऱ्या खाचेत बसवली. टक् आवाज झाला. मग ड्रॉवरमधून कार्ड काढलं, तारीख घातली आणि सहीसाठी पेनचं टोपण उघडलं.

"इकडे द्या ते," आई म्हणाली. "तपासलं कुणी? मी."

भावोजींनी कार्ड तिच्या हाती दिलं. आईने सही केली, आमच्या प्रगतिपुस्तकांवर करायची तशी, पूर्ण नावाची. मग शेऱ्याच्या रकान्यावर पेन थांबवून ती भिंतीकडे पाहत राहिली.

"हे चार भाग काही एवढे खास नव्हते, जावईबापू," ती म्हणाली. "त्यापेक्षा लग्न बरं झालं होतं."

भावोजी फ्रिजकडे वळले. उरलेल्या आठ डब्या दोन्ही हातांत धरून त्यांनी खाली उतरवल्या आणि पाचवीसकट भिंतीवर, आईच्या खुर्चीतून नीट दिसतील अशा फळीवर लावल्या. त्याला वेळ लागला, कारण त्यांना नीट दिसत नसावं. चष्मेवाल्यांनी फडकं पुढे केलं.

कार्ड पहिल्या डबीत आहे. हवं तर जाऊन बघा, भावोजी आनंदाने दाखवतील, गोटीसकट. एकसष्ट कार्डांवर 'ठीक' आहे. बासष्टाव्यावर आईच्या अक्षरात 'उत्तम', आणि त्याखाली दोन रेघा.