तेलाच्या डब्यांचा ट्रक

आमच्या बाबांनी ट्रक मागं घेताना कधी वळून पाहिलं नाही. ही बढाई नाही. खामगावात आमच्या घरामागच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या गेटवर त्या काळी उभ्या असलेल्या कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं हेच सांगितलं असतं. गेट अरुंद, आतलं आवार त्याहून अरुंद, ट्रक वळवायला जागाच नाही. म्हणून कापसाचा भरलेला ट्रक रस्त्यावरून उलटा आत घ्यायचा आणि थेट माल उतरवायच्या ओट्याला लावायचा. बाकीचे ड्रायव्हर चार-चार वेळा पुढं-मागं करत, खांबाला घासत आणि खापर क्लीनरवर फोडत. बाबा समोर रस्त्याकडं बघत बसत. मागं क्लीनर ट्रकच्या फळीवर हात मारी. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. मधे 'डावी काट', 'उजवी काट', 'सीधा', बस्स. एका दमात ट्रक ओट्याला टेके.

दसऱ्याला नव्या हंगामाचा पहिला कापूस, मुहूर्ताचा, दरवर्षी बाबांच्याच ट्रकनं आत जायचा. मग नारळ फुटायचा आणि पहिला तुकडा बाबा क्लीनरच्या हातावर ठेवायचे. म्हणायचे, "पहिला मान याचा. मी याच्याच डोळ्यानं पाह्यतो."

तो तुकडा मला हवा असायचा. घरात मी एकटीच, भाऊ नाही. दर दसऱ्याला मी मागं लागायची, "बाबा, मले करा ना क्लीनर." ते हसत. "पोरीचं काम नोहे ते." मला इतका संताप यायचा की मी दुपारी जेवतच नसे. संध्याकाळी दुप्पट जेवायची, ते वेगळं.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा. पावसाळ्यात घाटात समोरून आलेल्या गाडीला वाट देताना बाबांचा ट्रक दरडीवर आदळला. क्लीनर खरचटण्यावर वाचला. बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्यातून लाकडी पाय मिळाला, चामड्याच्या पट्ट्यांचा, चांगला घडवलेला. बाबांनी तो घरी आणला आणि खुंटीला टांगला. सदऱ्याशेजारी पाय लटकतोय, असं आमचं घर झालं. बाज त्यांनी भिंतीकडं तोंड करून लावून घेतली, म्हणजे रस्ता दिसायला नको. जिनचा भोंगा झाला की कूस बदलत. दोन दसरे गेले, हा माणूस उंबऱ्याबाहेर आला नाही. मोरीपर्यंत जायचं ते भिंत धरून. बोलणं म्हणजे 'हाव' आणि 'नाई'. आई त्यांच्यापुढं ताट ठेवून पदरानं डोळे पुसत बाहेर यायची आणि मला म्हणायची, "एकडाव उंबरा वलांडला ना त्यायनं, तर मंग सगळं होईन." मलाही दुसरं काही नको होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. मामाचं दुकान होतं, शेतातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं. तांब्याची तार मोजून वेटोळी घालायची, ती मोटारीत बसवायची, जोडण्या करायच्या. मी शाळा सोडल्यापासून तिथंच. काम बरं करायची, पण एखादं वेटोळं चुकलं की पक्कड भिंतीवर भिरकावायची. मामानं भिंतीच्या त्या भागाला रंग द्यायचंच सोडलं होतं.

एकदा दुकानात एका भंगार जीपचा डायनमो आला. डायनमो वीज तयार करतो, पण त्यालाच बॅटरीची वीज दिली तर तो मोटारीसारखा फिरतो. मामानं मला ते करून दाखवलं, आणि तो घरघर फिरत असताना माझ्या डोक्यात ट्रक शिरला. खेळण्यातला नाही. चांगला साडेचार फूट लांबीचा, माझ्या कंबरेला लागेल एवढ्या उंचीचा, लांबून चालवायचा. बाबांना बाहेर आणायचं तर आईच्या विनवण्यांनी ते येणार नव्हते. ट्रकनं कदाचित आले असते.

"येड लागलं का वं तुले?" मामा म्हणाला. पण त्याच संध्याकाळी त्यानं सायकलच्या दोन चेन आणि जुन्या ट्रकच्या वायपरची मोटर आणून दिली.

चॅसी बाभळीच्या लाकडाची. केबिन आणि बॉडी तेलाच्या डब्यांची. तेलघाणीवरून फुटके डबे आणायचे, कापायचे, ठोकून सपाट करायचे. माझ्या दोन्ही हातांना पत्र्यानं इतक्या चिरा पडल्या की आई मला भाकरी थापू देईना, हा त्यातला फायदा. चाकं सागवानी, त्यांवर टायरच्या पट्ट्या खिळ्यांनी मारलेल्या. डायनमो मागची चाकं फिरवणार, वायपरची मोटर पुढची चाकं वळवणार. बॅटरी बॉडीत, आणि ट्रकच्या नाकातून पंपाची साठ फूट केबल निघून एका डब्यात जाणार. डब्यावर चार बटणं. पुढं, मागं, डावं, उजवं. आज पोरंसोरं ज्याला रिमोट म्हणतात, त्याचा हा आजोबा.

हे सगळं मी आमच्या अंगणात करत होते, मुद्दाम, बाबांच्या भिंतीच्या पलीकडं. गल्लीतल्या बायका यायच्या, तोंडाला पदर लावायच्या. "पोरगी टरक बनवून राह्यली म्हंते. उद्या इमान बनवन." मी म्हणायची, "बनवीन. तुमाले नाई बसू देणार." भिंतीपलीकडून मात्र काही नाही. ठोकाठोक एवढी की मेलेला उठेल, पण बाबा उठले नाहीत.

पहिल्या चाचणीला मी 'पुढं' दाबलं. ट्रक बैलानं हिसका द्यावा तसा उसळला, कडाड् झालं आणि चेन तुटून तुळशीपाशी जाऊन पडली. जोडली. परत तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मी हातोडा फेकला आणि ट्रकला, डायनमोला, जीपवाल्याला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. आणि मग भिंतीच्या आतून आवाज आला.

"क्लच नाई त्याले. मंग झटका बसनच ना."

दोन वर्षांत पहिलं सबंध वाक्य. आईच्या हातातून सूप पडलं. मी काय करायला हवं होतं? आत जाऊन पायाशी बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव! मी ओरडले, "इतकं समजते तर या ना बाहेर! आतून काऊन शिकवून राह्यले?"

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत, आणि आई माझ्याशी बोलली नाही. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गपगार चेन जोडत बसले होते, तर भिंतीतून पुन्हा आवाज. "स्प्रिंग लाव चेनले. वढ बसली का स्प्रिंग ताणन, चेन नाई तुटन."

खाटेची जुनी स्प्रिंग लावली आणि ट्रक असा निघाला की काय सांगू! मऊ, वजनदार, भरल्या ट्रकसारखा. मी केबल घेऊन त्याच्या मागं मागं अंगणभर चालत होते आणि नाचत होते. त्यानंतर भिंतीतून रोज काही ना काही यायचं. आवाज चढला, बेरिंगले ग्रीस दे. पुढचं चाक घासून राह्यलं. मागच्या फळीवर अक्षरं काढली का नाई? पण पाहायला म्हणून ते काही आले नाहीत, आणि मीही पुन्हा 'या' म्हटलं नाही. एकदा म्हणून बघितलंच होतं.

दसरा आला. मी जिनच्या म्हाताऱ्या चौकीदाराला आधीच विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "मुहूर्ताची गाडी जाऊ दे, मंग तुई आन. तुया बापाच्या गेटावर तुले कोन नाई म्हंते?" मी ट्रकला झेंडूच्या माळा घातल्या, लिंबू-मिरची बांधली, पहिल्या वेचणीच्या कापसाचं गाठोडं बॉडीत ठेवलं. निघताना दारातून भिंतीकडं बघत म्हटलं, "बाबा, मी गेटावर चालली. उलटा आत घेनार हाय."

"नाई जमाचं," बाबा म्हणाले.

झालं! तळपायाची आग मस्तकात. मी मामाच्या ढकलगाडीवर ट्रक चढवला आणि निघाले.

गेटावर ही गर्दी. मुहूर्ताच्या खऱ्या ट्रकनं पाच वेळा पुढं-मागं करून कसाबसा ओटा गाठला होता. मग माझा ट्रक खाली उतरला आणि लोक वाट सोडून बाजूला झाले. मी त्याचं नाक रस्त्याकडं केलं, केबल सोडत रस्त्यावर आले, ट्रककडं आणि गेटाकडं तोंड करून उभी राहिले आणि 'मागं' दाबलं. ट्रक चालू लागला. वाहवा झाली. तो जरा उजव्या खांबाकडं जातोय असं दिसलं, म्हणून मी 'डावं' दाबलं, तर तो आणखीच उजवीकडं गेला आणि धाडकन खांबावर! हशा पिकला. पुन्हा पुढं घेतला. या खेपेला मी घाबरून भराभर दोन्ही बटणं दाबली आणि ट्रक दुसऱ्या खांबावर जाऊन आदळला. झेंडूची माळ तुटली. कुणीतरी ओरडलं, "बाई, पोळ्या लाट!"

अंगणात मी नेहमी ट्रकच्या मागून चालले होते. मागं घेणं मी एकदाही करून पाहिलं नव्हतं. तिथं उलटा घ्यायला एवढी जागाच कुठं होती? आता डावं कोणतं आणि उजवं कोणतं, मला काही कळेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. मामा म्हणाला, "चाल, उचलू." आणि मी हो म्हणणार, तेवढ्यात गर्दी मागून फाटली.

आई पुढं होती, डोक्यावरचा पदर सुटलेला. तिच्या मागं बाबा. लाकडी पाय बांधलेला. एक हात आईच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी, चेहरा घामानं डबडबलेला. घर ते गेट, एवढं अंतर ते चालत आले होते. चौकीदार आपलं स्टूल घेऊन धावला. कुणी हसत नव्हतं आता.

बाबांनी ट्रककडं पाहिलं. केबिन, अक्षरं, चाकं, सगळं नीट पाहिलं. मग मला म्हणाले, "तू गाडीकडं तोंड करून उभी हायेस. तुयं डावं ते गाडीचं उजवं. ड्रायव्हर काय गाडीसमोर उभा रायते काय? तो गाडीत बसते. आन तो डबा."

मी डबा दिला. त्यांनी स्टूल फिरवायला लावलं आणि ट्रककडं चक्क पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसले. बटणं एकेकदा चाचपली, खांबाला टेकलेला ट्रक पुढं घेतला. पाठीमागं ट्रक, पुढं ते, जसे केबिनमध्ये बसत तसे. मग समोर बघतच त्यांनी हाक दिली.

"क्लीनर कोन हाय?"

मी धावत ट्रकपाशी गेले आणि ओरडले, "मी हाय!"

"मंग बोल ना! हंगाम सरला का बोलशीन?"

मी वाकून तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. धप, धप. ट्रक मागं येऊ लागला. "डावी काट!" तो डावीकडं वळला. "आनखी! सीधा! सीधा येऊ द्या!" दोन थापा. खांब माझ्या कोपराला घासून गेला, पण ट्रकला नाही. धप, धप. गेट मागं पडलं. आवारात सावली होती, कापसाचा वास होता, केबल ताणत आली होती. मी ओट्याकडं पाहत होते, चार बोटं, दोन बोटं. मी सगळा जीव लावून एक थाप मारली. धप्प! ट्रक जागच्या जागी थांबला. फळी ओट्याला टेकली होती.

एका दमात. त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती.

मग जो कल्ला झाला! खऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मामा लोकांना सांगत सुटला की डायनमो त्याच्या दुकानातला. चौकीदारानं दुसरा नारळ आणला आणि म्हणाला, "हा याच्याच हातानं फुटन." बाबा काठी टेकत, लाकडी पाय जपून टाकत, आपल्या पायांनी गेटातून आत आले. ओट्याच्या कडेवर त्यांनी नारळ फोडला. मी बाजूला उभी होते, ग्रीसनं काळी, कोपरातून रक्त येत होतं. त्यांनी पहिला तुकडा उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"घे, क्लीनर. तुया डोळ्यानं पाह्यलं आज."

मी तो तिथंच, सगळ्या जिनसमोर, रडत रडत खाल्ला. ग्रीससकट.

घरी आम्ही चालतच गेलो, हळूहळू, दोनदा बसत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबा अंगणात स्टुलावर बसून ट्रकची तुटलेली माळ सोडवत होते, पाय घातलेला. आत त्या खुंटीला आईनं बाजाराची पिशवी अडकवली होती.