वाऱ्यातलं नाय

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहिताना लाज वाटते, म्हणून आधीच माफी मागते. चुकलेला शब्द मनातल्या मनात नीट करून वाचावा. पण असं मनातल्या मनात नीट करून घेण्यानंच माझा घात झाला.

शाळेत बाईंनी 'आहे' आणि 'नाही' शिकवलं. ते दोन शब्द कितीही लांबून बोला, एकासारखा दुसरा वाटत नाही. पण आमच्या डोंगरावर ते कुणाच्या तोंडात राहत नाहीत. इथे हाय आणि नाय. मागचं सगळं सारखं, फरक फक्त पहिल्या अक्षराचा. समोरासमोर काही अडत नाही, कारण नाय म्हणताना माणूस मान हलवतो. फोनवर मान दिसत नाही.

धाकटे दीर मुंबईला कामाला आहेत. त्यांची म्हैस आमच्या गोठ्यात असायची, वैरणपाणी माझ्याकडे. म्हैस गाभण होती. महाडचा दलाल तिला बघून गेला, भाव सांगून गेला आणि उद्या टेम्पो घेऊन येतो म्हणाला. घरात रेंज येत नाही. म्हणून मी कातळाच्या टोकाला गेले आणि दिरांना फोन लावला.

"भावजी, दलाल भाव सांगून गेलाय. काय करू?"

वारा सुटला होता. पलीकडून आवाज तुटत तुटत आला.

"वैनी... म्हस... विकायची हाय."

"विकायची हाय ना?"

"हाय, हाय."

आणि फोन बंद पडला.

दुसऱ्या दिवशी म्हैस टेम्पोत चढली. पैसे मी दिरांना पाठवून दिले. संध्याकाळी ते पोचले का विचारायला परत कातळावर गेले. तेव्हा वारा पडला होता आणि एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

"वैनी, म्या नाय बोललो. व्याली असती तर केवढा भाव आला असता."

"म्या दोनदा इचारलं, भावजी."

"म्या पण दोनदा नायच बोललो."

मग म्हणाले, "जाऊ दे."

दलालाला लगेच फोन केला, पण म्हैस तोवर पुढे विकली जाऊन कशेडीचा घाट उतरून गेली होती.

घरी सासूबाई म्हणाल्या, "कानात बोळे घालून फोन करतेस काय गो?" ते मी सोसलं. पण मुंबईहून जाऊबाईंनी सासूबाईंना विचारलं, "ताईंना ऐकू येत नाय, का ऐकायचं नाय?" ते आत रुतलं. दिरांनाही तसंच वाटतं का? ते 'जाऊ दे' मी रोज आठवून बघायचे. शब्द तर स्पष्ट होता. पण तो सोडून दिल्याचा होता की वैतागल्याचा, ते सूर आठवून ठरवायचं म्हटलं तर सकाळी एक वाटायचं, दुपारी दुसरं. चुलीपुढे बसवेना. भाकरी करपायच्या.

गवत कापताना मी हळूच म्हणून बघायचे, नाय, हाय, नाय, हाय. तोंडापुढे तळवा धरला की हाय म्हणताना त्यावर फुंकर येते. नाय म्हणताना आधी नाकात गुणगुण होते. एवढीशी ती गुणगुण. आणि कातळावर वारा फोनच्या तोंडाशी सारखा हह करतो. त्यानं दिरांचा न खाल्ला आणि स्वतःचा ह पुढे लावला, असं मला वाटलं. जरा बरं वाटलं.

पण तेवढ्यावर मन थांबेना. वाऱ्यावर सगळं ढकलता येतं का?

महाडच्या स्टँडवर भोंग्यातून नुसतं 'पो' आलं की आम्ही पोलादपूरची माणसं बोचकी उचलतो. पुढचं ऐकायला कोण थांबतं? एकदा सगळे उठलो, तर भोंगा म्हणत होता, "पोतं कुणाचं आहे, वाटेतून बाजूला घ्या." सासूबाईंच्या तोंडात दात नाहीत, त्यांचं बोलणं पाहुण्यांना कळत नाही. मला कळतं, कारण कुठल्या वेळी त्या काय मागणार ते मला ठाऊक असतं. म्हणजे अर्धं कान ऐकतो, अर्धं आपण घालतो. त्या दिवशी घरात सकाळपासून विकण्याचंच बोलणं होतं. आणि पेंढ्याचे भारे वाहून माझी कंबर गेली होती. माझ्या अर्ध्यात काय होतं, ते मला सांगता येत नाही.

म्हणून मी ठरवलं, व्यालेल्या म्हशीचा जो भाव आला असता, त्यातला आणि मिळालेल्या पैशांतला फरक दिरांना द्यायचा.

आमचे हे म्हणाले, "तो मागतोय काय? उगाच मोठेपणा."

"मोठेपणा नाय. मला झोप लागत नाय."

"मग झोप. पैसं कशाला देतेस?"

मी दिले. अंडी विकली, वालाच्या शेंगा विकल्या, पावसाळ्यात रानभाजीच्या जुड्या घेऊन बाजारात बसले. बोलायची लाज, म्हणून गिऱ्हाईक सांगेल त्या भावाला द्यायचे. जमेल तसे पोलादपूरच्या मोबाईलच्या दुकानातून दिरांना पाठवायचे. ते पोचले म्हणायचे, जास्त बोलायचे नाहीत. फोनवर मी आता हाय-नाय म्हणतच नाही. 'विक' म्हणते, 'ठेव' म्हणते. त्यातलं एक अक्षर वाऱ्यानं नेलं तरी दुसरं काही होत नाही.

परवा शेवटचे पाठवले आणि कातळावर गेले. वारा होताच.

"भावजी, फरकातले शेवटचे पाठवले. पोचले का?"

"पोचले, वैनी. सगळं... इटलं."

फिटलं म्हणाले की मिटलं? परत विचारायला मी तोंड उघडलं. मग वाटलं, दोन्हीतलं काहीही असलं तरी चालेल. विचारलं नाही. पैसे सगळे पोचले होते.