पुढचा माणूस

मुलगा-सून कामावर गेले की वाकडच्या या फ्लॅटमध्ये मी एकटाच. आज कामवाल्या बाईंनी फरशीवर कसलंसं औषध ओतलं आणि त्या अमोनियाच्या वासाने मला थेट पिंपरीत, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नेऊन बसवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोपान आणि मी कंपनीच्या अँब्युलन्सवर होतो. स्ट्रेचरला तो पुढे, मी मागे. त्याने "उचल, भावा" म्हटल्याशिवाय मी हलायचं नाही, नाहीतर पेशंट कलंडायचा. अमोनियाची टाकी फुटली त्या दिवशी तोंडाला ओली फडकी बांधून आम्ही आत शिरलो आणि तिघांना बाहेर आणलं. सोपानच्या छातीत मात्र तो वायू भरला होता. दवाखान्यात तो वारला.

पुढे कॅन्टीनमध्ये सत्कार झाला. टेबलावर दोन शाली, दोन नारळ. माझं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या आणि मी बसूनच राहिलो.

"लाजतोय राव!" मागून कुणीतरी हसलं. शेवटी साहेबच खाली येऊन शाल घालून, नारळ हातात देऊन गेले. तेवढ्यात भोंगा झाला, सगळे शिफ्टला पळाले. कॅन्टीनमध्ये मी उरलो, आणि टेबलावर सोपानची शाल नि नारळ.

तेव्हा मलाही वाटलं, लाजलोच असेन. आता गुडघे धरलेत, खुर्चीतून उठताना क्षणभर थांबावं लागतं, आणि दर वेळी कळतं की कॅन्टीनमध्ये मी कशाची वाट बघत होतो.

पुढून आवाजच आला नव्हता.