प्लग कल्याणला होता

आमच्या शाळेच्या दारावर मागे कुणीतरी लिंबू-मिरची टांगली होती. त्यातल्या लिंबाचं सरबत करून प्यायलेला माणूस मी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. शहापूरला एका हायस्कूलात विज्ञान शिकवतो, एकवीस वर्षं झाली. या सदरातले तुमचे अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर हसायला वाचतो. आता तुम्ही हसा, माझी काही हरकत नाही.

आमचं घर मुरबाड तालुक्यात, धसईपासून चार-पाच किलोमीटर आत. घरात मी, बायको वंदना आणि माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. आबांनी उभं आयुष्य बैलगाडी हाकली. गावच्या भाताची पोती मुरबाडला न्यायची आणि येताना मीठ-तेल घेऊन यायचं. शहापूरला रोज जाऊन-येऊन करायला मी दीड वर्षापूर्वी इलेक्ट्रिक कार घेतली, गावातली पहिली. आबा पहिल्या दिवसापासून तिला ‘बाय’ म्हणायला लागले. आवाज करत नाय, धूर सोडत नाय, गुणाची हाय — असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

ही गुणाची बाई ऐन श्रावणात अंगणात बसली ती बसलीच. स्क्रीनवर लाल अक्षरं आली आणि खेळ खलास. गावकऱ्यांनी काय करावं? जुन्या जीपला मारतात तसा चौघांनी धक्का मारून बघितला! मग कल्याणच्या सर्व्हिस सेंटरमधून इरफान नावाचा टेक्निशियन आला. पोरगेला दिसतो, पण कामात पक्का. म्हणाला, “सर, बॅटरीचा एक मॉड्यूल गेलाय. पार्ट बाहेरून यायचाय. आणि तुमच्या गावात लोक धक्का मारतात, कुणीतरी भाजेल.” असं म्हणून त्याने मागची सीट उचलली आणि खालच्या खोबणीतला नारिंगी प्लग उपसून काढला. मुठीएवढा असतो तो. तो काढला की बॅटरीची वाट मध्येच तुटते, गाडीला करंट जाऊच शकत नाही. प्लग त्याने पिशवीत घातला आणि कल्याणला घेऊन गेला. हे नीट लक्षात ठेवा.

पुढे दोन-अडीच महिने फोन, फोन आणि फोन. “सर, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.” अरे, महत्त्वाची आहे तर पार्ट पाठव ना बाबा! एकदा तर त्या मुलीवर मी इतका ओरडलो की वंदनाने फोन हातातून काढून घेतला. तोवर गाडीची छोटी बॅटरीही उतरली. दिवा नाही, हॉर्न नाही, दार उघडायला किल्ली घालून फिरवावी लागायची. चाकं जाम. ओढून न्यायची तर क्रेन हवी, आणि क्रेन आमच्या ओढ्यावरच्या अरुंद साकवावरून येत नाही. म्हणजे सगळी पंचाईत.

आबांचं मात्र वेगळंच चाललेलं. आजारी बैलाला आमच्याकडे एकटं सोडत नाहीत, सकाळ-संध्याकाळ कुणीतरी जवळ बसतं, अंगावरून हात फिरवतं. आबांनी तेच सुरू केलं. गाडीवर सागाच्या पानांचा मांडव घातला. रोज सकाळी दार उघडून ठेवायचे, का तर “आत कोंडतं तिला.” ओल्या फडक्याने पुसायचे आणि पाटावर बसून तिच्याशी गप्पा. मी एकदा वैतागून बोललो, “आबा, ती मेलीये. यंत्र आहे ते!”

“मेली नाय रे. बसलीय. बसलेल्या जनावराला मेली म्हनू नये.”

मी कपाळाला हात लावला.

दिवाळी झाली आणि भातझोडणी सुरू झाली. रविवार होता, म्हणून मी घरी. दुपारी अडीचची वेळ. आबा खळ्यावरून उठले आणि चार पावलांवर बसले ते छातीला हात लावूनच. घामाने निथळत होते, ओठ पांढरे पडलेले. वंदनाने रुग्णवाहिकेला फोन लावला, तर उत्तर आलं की गाडी माळशेजच्या अपघाताला गेलीय, दीड तास तरी लागेल. गावातली एकुलती एक जीप धसईच्या बाजारात. शेजाऱ्याच्या बाईकवर बसवून बघितलं, पण आबांची मान टिकेना, घसरून खालीच आले. विज्ञानाचा मास्तर मी, आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

आबा म्हणाले, “मना बायमधी बसव.”

मी ओरडलो, “आबा, ती चालत नाही!”

“बसव म्हनतो ना.”

वंदना म्हणाली, “बसवा हो, टेकायला तरी मिळेल. सावलीत आहे.” म्हणून, केवळ म्हणून, आम्ही त्यांना पुढच्या सीटवर ठेवलं आणि सीट मागे केली. वंदना मागे बसून त्यांना वारा घालायला लागली. त्यांचा हात धरायचा तर मला बसायला जागा एकच होती, स्टिअरिंगची. तिथे बसलो.

आबांनी डावा हात डॅशबोर्डवर ठेवला. डोळे मिटलेले. जीभ टाळूला लावून चक् चक् केलं आणि हळूच म्हणाले, “चल बाय. व्हय पुढं.”

आणि गाडी निघाली.

तुम्हाला वाटेल उतार असेल. आमचं अंगण सपाट आहे, आणि पुढे साकवाकडे चढ आहे. तो चढ ती चढली. स्क्रीन काळी होती, एक दिवा लागलेला नव्हता. मी स्टिअरिंग घट्ट धरलं, ते हलकं फिरत होतं. वंदना मागून “अगं बाई, अगं बाई” एवढंच म्हणत होती. माझा पाय पेडलवर होता का? खूप आठवून बघितलं. असेलही... शपथेवर नाही सांगू शकत. साकवाच्या अरुंद जागी आबा पुटपुटले, “सावकाश,” आणि ती सावकाश झाली. एवढं मात्र शपथेवर सांगतो.

धसई गेली. मोठा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना पिवळी शेतं, कापणीची माणसं, समोरून येणारी एसटी... सगळं रोजचं होतं, आणि त्यातून आम्ही निघालेलो, मेलेल्या गाडीत बसून. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. काकड आरतीला देवळात उभं राहिल्यावर छातीत जसं भरून येतं ना, तसं होत होतं. मी त्या देवळात वर्षानुवर्षं गेलेलो नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हतो.

पंचवीसेक किलोमीटर असतील. मुरबाडच्या सरकारी दवाखान्याच्या रॅम्पवर, तातडीच्या दारासमोर, ती थांबली. कर्मचाऱ्यांनी आबांना स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, “वेळेत आणलंत. अर्धा तास उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं.” त्यानंतर कितीतरी वेळाने माझा फोन वाजला. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आमच्या अंगणातून विचारत होता, “साहेब, पेशंट कुठंय?”

गाडी दारातून हलवा म्हणून वॉचमन मागे लागला. हलेना. सहा जणांनी जोर लावला, चाकं जाम. शेवटी एका ट्रकवाल्याने जॅक आणि फळ्या लावून ती तसूतसूने बाजूच्या झाडाखाली सरकवली.

नऊ दिवसांनी आबांना घरी सोडायचं ठरलं, आणि काय योग बघा, त्याच सकाळी इरफान पार्ट घेऊन दवाखान्यातच आला. गाडी इथवर कशी आली ते मी त्याला सांगितलं. त्याने मागची सीट उचलली. वंदना सगळी वाट बसून आली होती ती सीट. खाली प्लगच्या रिकाम्या खोबणीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. वाळलेलं, अखंड, एक कण सुटलेला नाही. मग इरफानने श्रावणात स्क्रीनचा फोटो घेतला होता, तो फोनमध्ये शोधून काढला. मॉड्यूल बदलून, छोटी बॅटरी चार्ज करून, प्लग बसवून स्क्रीन सुरू केली आणि किलोमीटरचा आकडा ताडून बघितला. तोच. एक किलोमीटरही वाढलेला नव्हता.

“सर, चेष्टा करताय ना? क्रेनने आणलीत ना?” तो म्हणाला. मी वॉचमनला हाक मारली. वॉचमनने सांगितलं ते ऐकून इरफान खाली बसला आणि बाटलीतलं पाणी गटागटा प्यायला.

मग त्याने फॉर्म काढला. तो भरावाच लागतो म्हणे. वाहन कसे आले, आणि पुढे दोन चौकोन: चालवत, ओढून. पेन हातात धरून तो माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? मी चालवली म्हणू? मी आबांकडे बघितलं. ते झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर औषधांची पिशवी.

“काका, गाडी कशी आली?” इरफानने विचारलं.

“ती आली,” आबा म्हणाले. “आमी नुसते बसलो.”

इरफानने दोन्ही चौकोन तसेच ठेवले आणि खाली माझी सही घेतली. आबा उठले, सवयीने बॉनेटवर हात फिरवला. मग मीही ठेवला हात. लोक बघत होते, बघू देत. हे कसं झालं ते मला माहीत नाही, इरफानला माहीत नाही, आणि कुणी सांगेल अशी आशाही मी सोडलीय. मी फक्त आबांना पुढे बसवलं, पट्टा लावला आणि आम्ही घरी गेलो.