कोंबड्या खुराड्यात शिरायच्या आत

कागलच्या एसटी स्टँडवर अण्णांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि मी रडले नाही. पुढं कित्येक वर्षं मी हे सगळ्यांना ऐकवत आले, बघा, घर सोडताना डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, केवढी धीराची! खरं सांगायचं तर रडायला सवडच नव्हती. माझं सगळं लक्ष ट्रंकेत वरच ठेवलेल्या पांढऱ्या टोपीकडं होतं. मिरजेला नर्सिंग शिकून मिळवलेली, खळ घालून कडक केलेली टोपी. टपावर कुणी शेंगांचं पोतं टाकलं तर ती चेपणार, या काळजीनं मी मान वर करून उभी. तिकडं अव्वा, म्हणजे आई, घरातून बाहेरच आली नव्हती, धाकटी बहीण माझ्या पदराला धरून होती, आणि बाईसाहेबांचा जीव टोपीत! आज ती पोरगी समोर आली तर मी तिला जवळ घेईन. पण आधी एक टपली मारीन.

अण्णा म्हणजे माझे वडील. ऊस आणि तंबाखू पिकवणारा माणूस, डोक्याला पटका, बोलणं तुटक. आमच्या जैन घरातल्या लेकीनं शाहूवाडीच्या डोंगरात, तेही मिशनच्या दवाखान्यात जाऊन राहायचं, हे त्यांना अजिबात पटलेलं नव्हतं. सहा महिन्यांत परत येते असं मी कबूल केलं म्हणून ते गप्प होते. गाडी हलली तसे खिडकीपाशी आले आणि एवढंच म्हणाले, "दिवस मावळायच्या आत जेव."

आमच्या घरात हे रोजचंच वाक्य. सूर्य बुडाला की तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पण त्या दिवशी त्याचा अर्थ असा होता की, बाकीचं तू मोडलंसच, हे तेवढं मोडू नकोस.

आता तुम्ही जे दुबईला, पुण्याला, अमेरिकेला गेलात ते हसाल. कागलहून शाहूवाडी, एकाच जिल्ह्यातली दोन टोकं, याला काय स्थलांतर म्हणायचं? म्हणा की! मी काळ्या रानातून तांबड्या मातीत गेले. शाळूच्या भाकरीवरून नाचणीच्या भाकरीवर आले. गावाकडं दार उघडलं की समोर रस्ता दिसायचा, इथं दार उघडलं की ढगच घरात यायचा. तुम्हाला निदान विमान तरी मिळालं. मला टपावरची टोपी मिळाली, आणि ती चेपलीच.

दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या. डॉक्टर आठवड्यातून एकदा जीपमधून यायचे, बाकीचे दिवस मी. वीज नव्हती. काचेच्या सिरिंजा स्टोव्हवर उकळायच्या, बोथट झालेल्या सुया दगडावर घासून पुन्हा वापरायच्या. सलाइनच्या बाटल्या कपाटात देवासारख्या जपून ठेवलेल्या. बाटली टांगायचा स्टँड एकच, त्याचाही एक पाय गंजून मोडला. मग भिंतीत एक खिळा ठोकला आणि जो जास्त आजारी त्याची खाट खिळ्याखाली, असा नियम झाला. घरचे लोक येऊन भांडायचे, "बाई, आमच्या म्हाताऱ्याला खिळ्याखाली घ्या की!"

मला सेवा-बिवा काही करायची नव्हती बरं का. मला टोपी घालायची होती. आणि धर्म एवढा कडक की सिरिंज उकळताना आत किती जीव मरत असतील या धास्तीनं मी स्टोव्हपुढं बसून णमोकार म्हणायची. चारदोन महिन्यांत डोंगरात बातमी पसरली की नव्या बाईची सुई मंतरलेली असते. एकदा एक म्हातारी हात मागं घेऊन म्हणाली, "आधी म्हन ते. न्हाय म्हटलंस तर टोचून घेनार न्हाय." मिशनच्या दवाखान्यात, मराठा म्हातारीच्या हुकमावरून, मी जैनांचा मंत्र म्हटला आणि सुई टोचली. म्हातारी बरी झाली. मंत्रानं की औषधानं, ते मी तिलाही विचारलं नाही आणि स्वतःलाही.

जेवणाचं मात्र अवघड होतं. सुरुवातीला मी हट्टानं वेगळी चूल मांडली, दोन पदरी फडक्यातून पाणी गाळून घ्यायचं, कांदा-लसूण नाही, सगळं तोऱ्यात. आठ दिवसांत चूल थंड. पेशंट सोडून भाकरी थापायची कधी? तेव्हा दवाखान्याची स्वयंपाकीण, रूथमावशी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझं ते सोवळं की काय ते, मला शिकीव. मी करते. तू तिकडं पोरं काढ." तिनं माझी भांडी वेगळी ठेवली, पाणी गाळायला शिकली, आणि रोज दिवस मावळायच्या आत माझं ताट वाढायला लागली.

पण पावसाळ्यात शाहूवाडीत सूर्य दिसतो कुठं? आषाढात आभाळ एकदा मिटलं की ते श्रावणातच उघडणार. दवाखान्यातलं घड्याळ दमटपणानं कधीच बंद पडलेलं. मग दिवस मावळला हे ठरवायचं कसं? त्याचा तोडगा रूथमावशीनं काढला. तिच्या कोंबड्या. ढग असो, धुकं असो, दिवस बुडायच्या बेताला कोंबडी खुराड्याकडं वळणारच. कोंबड्या निघाल्या की ती ओरडायची, "बाई, जेवा! चालल्या रं चालल्या!" पुढं पुढं पेशंटचे नातेवाईकही ओरडायला लागले. धनगरवाड्यावरचा कुणी अंगणातून, "शिष्टरबाई, तांबडी कोंबडी वळली हाय बघा!" खाटेवरची बाळंतीण, "बाई, माझं ऱ्हाऊ दे, तुम्ही जेवून या." अहिंसा पाळणाऱ्या घरातली मी, माझा धर्म त्या कोंबड्यांच्या पायांवर चालला होता. अण्णांना हे कळलं असतं तर?

अण्णांना ते कळलं.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाचं दीड. घरून निरोपांवर निरोप. मी प्रत्येक वेळी काहीतरी सबब सांगायची. शेवटी भर पावसात, गुडघ्यापर्यंत चिखल, पटका भिजलेला, अशा अवतारात अण्णा स्वतःच दारात उभे. सांगलीकडचं स्थळ आलं होतं, पसंती झाली होती, फक्त मुलगी हजर नव्हती. ओसरीवर बसून ते म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. ट्रंक भर." रूथमावशीनं चहा आणला तर तो तसाच बाजूला ठेवला. गाठोडं सोडून घरून आणलेली भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.

माझ्या डोक्यात एक भाषण तयार होतं. कितीतरी दिवस आरशापुढं घोकलेलं. त्यात 'कर्तव्य' हा शब्द होता, 'आयुष्याचं सार्थक' होतं, एक-दोन ठिकाणी हात कसा हलवायचा तेही ठरवलं होतं. अण्णांसमोर जाऊन मी तोंड उघडलं आणि आवाज आला तो मांजरीचा. "बरं," म्हणाले मी. बरं! झाशीची राणी ट्रंक भरायला आत गेली.

दुपार टळली आणि धनगरवाड्यावरून डोली आली. बांबूला घोंगडं बांधून त्यात सगुणा नावाची पोर, पहिलटकरीण. बाळ झालं, रडलं, वारही पडली. पण रक्त थांबेना. गर्भाशय आवळायचं इंजेक्शन दिलं, बाळ छातीला लावलं, पोट चोळत राहिले. सलाइन लावलं, पण बाळंतपणाचं टेबल एका खोलीत आणि खिळा दुसऱ्या खोलीत. तिच्या नवऱ्याच्या हातात बाटली दिली तर तो रक्त बघून भिंतीला टेकत टेकत खालीच बसला. मी मान वर केली तर दारात अण्णा.

"अण्णा, हे धरा. हात खांद्याच्या वर. खाली आणायचा नाही."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम केला, आणि विचार करून नव्हे, दुसरा हात मोकळा नव्हता म्हणून. बायकोच्याही बाळंतपणाच्या खोलीत पाऊल न टाकणारा माणूस आत आला, भिंतीकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि बाटली धरून उभा राहिला. ओठ मात्र हलत होते. मी सिरिंजपुढं म्हणायची तेच.

बाहेरून रूथमावशीचा आवाज आला, "बाई, कोंबड्या निघाल्या! पावण्यांचं बी ताट वाढलंय, येगळ्या भांड्यात!"

माझे हात सगुणाच्या पोटावर. हाताखाली गर्भाशय जरा घट्ट लागायचं, पुन्हा कणकेसारखं ढिलं पडायचं.

"काळी शिरली, बाई!"

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. बाटली फक्त या हातातून त्या हातात घेतली.

"तांबडी तेवढी राह्यलीया! पावणं, तुम्ही तरी या!"

"कोंबड्यांचं काय मधेच?" अण्णा भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले. पोट चोळता चोळता मी सांगितलं. आभाळ दिसत नाही, घड्याळ बंद आहे, म्हणून कोंबड्या.  बाहेर खुराड्याचं दार लागल्याचा आवाज झाला. संपला दिवस. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही जायला हवं होतं." त्यावर ते म्हणाले, "हात खाली आणायचा न्हाय म्हनालीस न्हवं?"

त्यानंतर थोड्याच वेळात सगुणाचं पोट माझ्या हाताखाली नारळासारखं घट्ट झालं आणि तसंच राहिलं. रक्त ओसरलं. मी मटकन स्टुलावर बसले. टोपी कुठं पडली होती कोण जाणे. अण्णा अजून हात वर करून उभेच होते. बाटली संपली होती आणि त्यांना कुणी हात खाली आणा म्हणालं नव्हतं.

ती रात्र आम्ही दोघं पाण्याच्या थेंबाशिवाय राहिलो. सकाळी उजाडल्यावर रूथमावशीनं नाचणीची भाकरी आणि दूध पुढं ठेवलं. अण्णांनी ताटाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "पाणी गाळलंय न्हवं?"

"दोनदा गाळलंय, पावणं. तुमच्या लेकीनं डोस्क्यावर बसून शिकिवलंय."

त्यांनी भाकरी खाल्ली. दुसरीही घेतली. मी भरलेली ट्रंक ओसरीवर आणून ठेवली होती. उठताना त्यांनी ती पायानं थोडी आत सरकवली.

"स्थळवाल्यांना काय सांगणार?" मी विचारलं.

"काय सांगायचं? पोरगी कामात हाय म्हनून सांगतो."

माझं भाषण राहूनच गेलं. बरंच झालं, फार भिकार होतं. फाट्यावर गाडी आली, अण्णा चढले, खिडकीतून डोकं बाहेर काढून नेहमीचंच म्हणाले, "दिवस मावळायच्या आत जेव." गाडी सुटली. थोडी पुढं गेल्यावर पुन्हा डोकं बाहेर आलं आणि ते ओरडले, "जमलं तर!"

त्या दोन शब्दांसाठी त्या कडक माणसानं काय सोडलं असेल, हे मला आज कळतंय. तेव्हा मी फाट्यावर उभी राहून हसत होते फक्त. पुढं दोन वर्षांनी मलकापूरच्या शाळेतले मास्तर माझ्यासाठी अण्णांनीच हुडकले, आणि त्यांच्यापुढं अट एकच घातली: पोरगी कामात राहणार. ती मी राहिले. अंगात ताकद होती तोवर.

आता हे सगळं आज का सांगते? गेल्या महिन्यात कागलला माझ्या भाच्याच्या, म्हणजे भावाच्या मुलाच्या घरी मला बोलावणं आलं. माझी नात नेहा कोल्हापुरात नर्सिंग शिकली, जर्मन भाषेची परीक्षा पास झाली, तिकडच्या इस्पितळात तिला नोकरी लागली. सगळं घर एका बाजूला आणि ती एका बाजूला. "आई, तू तिला समजाव," माझा मुलगा म्हणाला. भाचा सुकुमार तर म्हणाला, "आत्ती, आपल्या घरातली पोरगी परक्यांची घाण काढायला जानार व्हय?"

मी म्हणाले, "मी जन्मभर तेच केलं, बाबा. तुझी पहिली मीच काढली."

 समजवायला बोलावलेल्या म्हातारीनं मग वर सांगितलेली बाटलीची गोष्ट सांगितली, आणि शेवटी मी मुलाला म्हणाले, "तुझ्या आजोबांनी ट्रंक पायानं आत सरकवली होती. तुला हातानं सुद्धा जमत नाही?" तो उठून खिडकीपाशी गेला. चिडला होता. मग बाहेर बघतच म्हणाला, "विमानतळावर सोडायला मी येणार."

मागं राहणाऱ्यांनो, तुम्हाला वाटतं जाणारी तुम्हाला सोडून जाते. आणि जाणाऱ्यांनो, तुम्हाला वाटतं घर मागं राहिलं. माझं एकही घर मागं राहिलं नाही. अव्वाचं पाणी गाळायचं फडकं रूथमावशीच्या हातात गेलं, आणि रूथमावशी गेल्यावर तिच्या कोंबड्यांचा वंश दवाखान्याजवळच्या माझ्या अंगणात आला. हो, मी जैन म्हातारी कोंबड्या पाळते. अंडी खात नाही, विकत नाही, नातेवाईक नाकं मुरडतात, मुरडोत. मुलगा म्हणतो, दवाखाना आता आठवड्यातून दोनच दिवस उघडतो, एकशेआठची गाडी दारात येते, तुझं तिथं काय अडलंय? कोल्हापूरच्या फ्लॅटवर चल. मी विचारते, कोंबड्या लिफ्टमध्ये चढतील का?  दुसरं कारण त्याला सांगत नाही. इथं संध्याकाळी मी ओसरीवर बसले की सगुणाची सून रस्त्यावरून जाता जाता ओरडते, "आज्जी, तांबडी वळली, जेवलीस का?" फ्लॅटमध्ये कोण ओरडणार?

नेहा निघायच्या आदल्या दिवशी इथं येऊन गेली. पाया पडली. मी म्हणाले, "दिवस मावळायच्या आत जेव."

ती हसायला लागली. "आज्जी, तिथं उन्हाळ्यात दिवस रात्री दहाला मावळतो. आणि थंडीत साडेचारला, तेव्हा तर मी ड्युटीवर!"

"मग कोंबड्या बघ."

"तिथं कोंबड्या कुठल्या गं?"

"हुडकायच्या. नाही सापडल्या तर निदान 'जेवलीस का' म्हणून ओरडणारं एक माणूस हुडकायचं. तेही नाही मिळालं तर तू कुणासाठी तरी ओरड."

ती फाट्याकडं चालायला लागली. पाठीवर बॅग, हातात मोबाइल, टोपी-बिपी काही नाही. शहाणी आहे माझ्यापेक्षा. वळणापाशी पोहोचली तशी माझ्या लक्षात आलं की एक राहिलंच. गुडघे दुखत होते, तरी ओसरीच्या खांबाला धरून उठले आणि जेवढा आवाज उरलाय तेवढ्यानं ओरडले, "नेहा! जमलं तर!"